टोचनगाडीला टोचन नको

मार्गशीर्षातलं आभाळ गच्च दाटलेलं. पडत तर काही नव्हतं, नुसता वारा सुटला होता. घडीत वाशीमकडून, घडीत उलटा. फुलावर आलेल्या तुरीला असलं आभाळ मानवत नाही, अन् सादिक मिस्त्रीच्या जिवालाही नाही. उजाडल्यापासून त्यानं गॅरेजचं शटर दोनदा उघडलं, दोनदा लावलं. एका मोटारसायकलची क्लचप्लेट खोलली ती तशीच ठेवली. मग घरात येऊन विनाकारण उभा राहिला.

"उभेच आहात तं हा पिपा फोडून द्या," त्याची बायको मेहरबी म्हणाली. तेलाचा नवा पिपा तिनं पुढं सरकवला.

त्यानं खिळा धरला, हातोडी मारली अन् निघाला. मागून मेहरबीनं पिपा आडवा केला. तेल भकभक करत थोडं आलं अन् अडलं.

"अजी, एकच छेद? हवा कुठून जाईन अंदर? दुसरा कोन मारीन, तुमचे अब्बा?"

"आलोच," म्हणत तो गॅरेजमागच्या कडुनिंबाखाली पोचलाही होता.

तिथं गाडी उभी होती. मिल्ट्रीच्या लिलावातला ट्रक त्याच्या अब्बांनी आणला, त्याच्यावर वजन उचलायची लोखंडी बूम चढवली, तार अन् हूक लावला, अन् मालेगावात पहिली टोचनगाडी झाली. नाल्यात गेलेल्या एसट्या तिनं काढल्या. कारंजाच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींखाली कलंडलेले ट्रक उभे केले. पुढं पिवळ्या हायड्रा क्रेना आल्या, अब्बा गेले, अन् गाडी कडुनिंबाखाली बसली ती बसलीच. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालत.

मग हरीओम आला. वाशीम रोडवर त्याचा नवा ढाबा. त्याला दारात शोभेला जुनी क्रेन हवी होती. "लोकं फोटो काढतात मिस्त्री. इंजिनाचं मले काई नाई. रंग चकाचक पायजे."

सादिकनं रंगाआधी इंजिन उतरवलं. पंप खोलला, रिंगा बदलल्या, बूमची कप्पी बारीक पॉलिश कागदानं घासली. दिवाळी गेली तरी तो घासतच होता. हरीओम वैतागला, मेहरबी वैतागली. अब्बांचा एक शब्द सादिकच्या कानात बसला होता: टोचनगाडीले टोचन लागलं तं मिस्त्रीनं पाना खाली ठेवावा. जन्मभर जिनं दुसऱ्याला ओढलं, तिला कोणी ओढत न्यायचं नाही. ती ढाब्यावर गेली तर आपल्या चाकावर जाईल. नाही तर उद्यापासून आपण पान्याला हात लावणार नाही. हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अन् आज ढाब्याचं उद्घाटन होतं.

उकंडराव आला. अब्बांच्या वेळेपासूनचा या गाडीचा ड्रायव्हर. आता गुडघे गेले होते, पण मफलर तोच.

"काहून रे, रातभर झोपला नाई का? डोये पाह्य कसे झाले."

"तुमी चढा वर काका. गोठी नंतर करू."

"चढवून दे मंग. गुडघ्यायचं काम तुह्या इंजिनावानी नाई झालं अजून."

तेवढ्यात हरीओम आला, त्याच्या मागं हायड्रा. तिचा ऑपरेटर गालात तंबाखूचा खर्रा धरून हसत होता.

"हे कायले आनलं?" सादिकनं विचारलं.

"भरोसा नाई म्हनून नाई मिस्त्री. सोय म्हनून."

सादिकनं लोखंडी हँडल पुढून घातलं, बिस्मिल्ला म्हणाला अन् फिरवलं. एकदा, परत एकदा. गाडी खोकली, काळा धूर सोडला अन् धरलं तिनं. कडुनिंबावरचे कावळे उडाले. उकंडराव वरून ओरडला, "जित्ती हाय लेकाची!"

बाजारातून जाताना चहाच्या टपरीवरची माणसं बाहेर आली. लालभडक गाडी, पिवळा हूक. पेंटर राजूनं डिझेलच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा फूल काढलं होतं. सादिकनंच त्याला बजावलं होतं, गड्या, एक जागा सोडू नको. पण सादिकचं ध्यान माणसांकडं नव्हतंच. कान इंजिनाला, हात मांडीवर पाना वाजवत.

गाव सरलं, चढ लागला अन् आवाज पातळ झाला. गाडी दोनदा हुंदकली, बंद.

"डिझेल?" उकंडराव.

"भरलं हाय." तरी सादिकनं झाकण काढून काडी बुडवून पाहिली. वारा नुसता घोंघावत होता. काडी ओली वरपर्यंत. त्यानं झाकण लावलं, फिल्टरचा बोल्ट ढिला करून नळीतली हवा काढली, हँडल मारलं. चालू! मागून येणाऱ्या हरीओमनं आपल्या गाडीच्या काचेतून अंगठा दाखवला.

दोन शेतं ओलांडली नाहीत तोच पुन्हा तेच. आवाज पातळ, हुंदका, बंद.

आता हरीओम खाली उतरला. "मिस्त्री, पाव्हने येऊन बसले. लावू द्या साखळी."

"थांब जरा."

"किती थांबू बाप्पा? शोभेची गाडी हाय, शर्यतीची नाई."

हायड्राच्या ऑपरेटरनं पिंक टाकली अन् साखळी खळखळ खाली सोडली. उकंडरावनं स्टेअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारली. "मी उतरत नाई. ओढाची तं माह्यासकट ओढा."

सादिकनं पंपाचं नट सोडलं, परत आवळलं. फिल्टर काढला, स्वच्छ होता. नळी फुंकली, मोकळी होती. मग बिनबिघडलेलंही खोलायला लागला. हात थांबले की छातीत धडधड व्हायची, म्हणून हात थांबवत नव्हता. अब्बा गेले तेव्हाही तो असाच रात्रभर एक मेलेली मोटर खोलत बसला होता.

साखळीचा आकडा बंपरला अडकला.

"एक डाव टाकी पाहू दे," तो म्हणाला. कायले, ते त्यालाही माहीत नव्हतं. डिझेल आहे हे तर पाहून झालं होतं.

त्यानं झाकण फिरवलं. नेमका तेव्हा वारा पडला, अन् टाकीनं आत घोट घेतल्यासारखा सूंऽऽ आवाज केला. सादिकनं झाकण डोळ्यांसमोर धरलं. राजूच्या फुलाच्या बरोबर मधे, जिथं बारीक भोक पाहिजे, तिथं लाल रंगाचा थेंब वाळून दगड झाला होता. एक जागा सोडली नव्हती पोरानं. डिझेल बाहेर जात होतं अन् त्याच्या जागी आत हवा येत नव्हती.

"पिपा..." सादिक पुटपुटला.

"काय म्हनला?" हरीओम.

सादिक रस्त्याकडेच्या बाभळीकडं धावला. पहिला काटा मोडला, दुसराही मोडला. तिसरा लांब, पांढरा, तो रंगातून आरपार गेला. झाकण लावलं, हवा काढली, अन् बंपरचा आकडा स्वतःच्या हातानं सोडून ऑपरेटरच्या पायाशी टाकला.

"घे तुही सोय."

मग हँडल मारलं.

ढाब्यापर्यंत तो फूटबोर्डवर उभा होता, एक हात दाराला, कान टाकीला. गाडी चालली. विटांच्या चौथऱ्यावर उकंडरावनं ती एका दमात चढवली. नारळ फुटला, हार पडला, लोकांनी फोटो काढले. सादिकला वाटलं होतं आता छाती मोकळी होईल. ती काही झाली नाही. इंजिन बंद केल्यावर जी शांतता पडली, ती त्याला सोसेना.

"हँडल द्या ना," हरीओम म्हणाला. "भिंतीवर टांगतो, मस्त दिसन."

"हँडल माह्याजवळ राहीन. दर शुक्रवारी येतो, मारून जातो. बसून राह्यली तं मरन ते."

"अवो पन चालवाची कोनाले हाय?"

सादिकनं हँडल चिंध्यात गुंडाळून काखेत मारलं.

परतताना दुसरी सोय नव्हती. हायड्राच्या कॅबिनमध्ये ऑपरेटरशेजारी दोघं दाटीवाटीनं बसले. उकंडराव खिदळत राहिला, "गाडी गेली आपल्या पायानं, अन् मिस्त्री वापस आला टोचनवर!"

कडुनिंबाखाली चाकांच्या जागी चार काळे चौकोन उरले होते, तेल सांडलेले. एक कोंबडी तिथं फिरून जागा शोधत होती. सादिकनं हँडल खुंटीला लावलं, काढलं, दुसऱ्या खुंटीला लावलं.

"आले का?" आतून मेहरबी. "पिपा तसाच ठेवला मी. भाजी बिनतेलाची खा."

तो आत गेला, खिळा शोधला अन् पहिल्या भोकाच्या समोरच्या कोपऱ्यावर धरला.

"पिपा धर नीट," तो म्हणाला, अन् हातोडी उचलली.