आरपार गाडीचं तोंड

“बोर्डावरचं चित्र तूच केलंयस ना पोरी? मग निघून ये. फोनवर समजायचं न्हाई ते.”

आप्पांचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या दुकानात लग्नाच्या एका बॅनरवर काम करत होते. आप्पा म्हणजे यवतजवळ हायवेला जे गॅरेज आहे, तिथले सगळ्यात जुने फिटर. तिथं गाड्यांना सीएनजी किट बसवतात.

“काय झालं आप्पा?”

“अजून काय झालं न्हाई. खुटबावच्या एका घरची गाडी हाय. उद्या सकाळी लेकरंबाळं घिऊन वढूला समाधीच्या दर्शनाला निघालीत. आन् गॅसचा पाइप सायलेन्सरला घासून गेलाय. तुझ्या चित्रात हाय तसाच.”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि यवतकडे जाणारी चौफुल्याची एसटी पकडली.

एसटीत बसल्यावर ते चित्र आठवून बघू लागले. गॅरेजच्या शेठना आरपार दिसणारी गाडी हवी होती. डिकीत गॅसची टाकी म्हटली की गिऱ्हाईक घाबरतं. आत काय कुठं बसतं ते चित्रात दिसलं तर भीती जाईल, असा त्यांचा विचार. तो बरोबरच होता.

असं चित्र लेयरमध्ये करतात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. गाडीच्या डाव्या बाजूला कॅमेरा स्टँडवर एकाच जागी ठेवून मी आधी बंद गाडीचा फोटो काढला. मग बॉनेट उघडून इंजिनचा, डिकी उघडून टाकीचा, दारं उघडून सीट आणि स्टेअरिंगचा. बंद गाडीचा फोटो सगळ्यात वर ठेवला आणि त्याची ओपॅसिटी, म्हणजे भरीवपणा, कमी केला. पत्रा काचेसारखा झाला आणि खालचं सगळं दिसू लागलं. टायर, दिवे आणि कडा तेवढ्या भरीव ठेवायच्या. नाहीतर गाडी भुतासारखी दिसते.

टाकीपासून इंजिनपर्यंत जाणारा पाइप गाडीच्या पोटाखालून जातो. त्याचा फोटो मिळेना. आप्पांनी फरशीवर खडूनं गाडी काढली आणि पाइपची रेघ ओढून दाखवली.

“ह्यो ड्रायव्हरच्या बाजूनं न्यायचा. पल्याड सायलेन्सर हाय, तो तापतो. त्याच्या वाटंला जायचं न्हाई.”

मी तसाच पिवळा पाइप काढला. दुसऱ्या लेयरवर राखाडी सायलेन्सरही काढला. शेठना दाखवलं तर म्हणाले, “सायलेन्सर आपण विकतो का मॅडम? काढा तो. गर्दी होतीय.” मी तो लेयर बंद केला.

मग त्यांनी मान तिरकी करून बघितलं. “आन् गाडीचं तोंड रस्त्याकडं झालंय. गिऱ्हाईक परत चालल्यासारखं वाटतं. तोंड ऑफिसच्या दाराकडं पाहिजे.”

आमच्याकडे बोर्डावर टेम्पो असो नाहीतर ट्रॅक्टर, त्याचं तोंड दाराकडेच असतं. मी ‘फ्लिप’ केलं. म्हणजे आरशात दिसतं तसं चित्र उलटं होतं, डावं ते उजवं. एक क्लिकचं काम. नंबरप्लेटची अक्षरं उलटी झाली, ती सरळ केली. साध्या गाडीच्या फोटोत एवढं पुरतं. गाडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. पण ही गाडी आरपार होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बोर्ड लागला त्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, “शेठ, दुबईची गाडी हाय का? स्टेअरिंग डावीकडं?” सगळे हसले. शेठचा फोन आला. मी शरमेनं तेवढं स्टेअरिंग उचलून उजवीकडे ठेवलं आणि नवा फ्लेक्स छापून पाठवला. पुन्हा कुणी हसलं नाही.

एसटी न्हावऱ्याच्या पुढे गेली तेव्हा मला उलगडलं. चित्र पूर्ण उलटं होतं तोवर निदान पाइप आणि स्टेअरिंग एका बाजूला तरी होते. मी स्टेअरिंग हलवलं आणि पाइप एकटा पलीकडे राहिला. चित्र माझ्या दुरुस्तीनं खोटं झालं होतं.

गॅरेजमध्ये पोचले तर गाडी रॅम्पवर वर चढवलेली. आप्पांनी बॅटरी मारून दाखवलं. पाइप अगदी सफाईनं, सरळ रेषेत बसवलेला. आणि त्याच्या बाजूला, बोट जेमतेम शिरेल एवढ्या अंतरावर, सायलेन्सर.

“लांबच्या प्रवासात ह्यो किती तापतो ठाव हाय का? हात लावला तर कातडी निघंल.”

आप्पा भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेले होते. काम दिनेशनं केलं होतं. हा उत्तर प्रदेशातून आलेला नवा फिटर. आधीच्या ठिकाणी तो फक्त टाक्या बसवायचा. शेठ त्याच्यावर उखडले होते.

“डोळं हायेत का न्हाईत तुला?”

“सेठ, मैंने पूछा था पाइप किधर से. आपने बोला, बोर्ड देख के कर.”

शेठनी बोर्डाकडे मान वळवली. मग म्हणाले, “तरी अक्कल नको का?”

दिनेश पाना घेऊन गाडीखाली वळला. त्या क्षणी मी काही बोलले नसते तर प्रकरण त्याच्यावरच मिटलं असतं. नवा माणूस, परक्या गावचा.

“शेठ, चूक माझी आहे,” मी म्हणाले.

“तुमची कशी? तुम्ही तर स्टेअरिंग लगेच नीट करून दिलं.”

“तेवढंच केलं. बाकीची गाडी उलटीच राहिली.”

मग मी खडू घेतला आणि फरशीवर सगळं काढून दाखवलं. शेठनी वाकून त्या रेघा बघितल्या. दिनेशला म्हणाले, “जा, चाय पी ले पहले.” माफी मागायची त्यांची तीच रीत असावी.

मी आप्पांना विचारलं, “तुम्ही रोज बोर्डाखालून जाता. तुम्हाला कसं दिसलं नाही?”

“मी कशाला बघतोय बोर्डाकडं? मला गाडी दिसती की. आन् छापलेलं म्हटल्यावर बाकीचं लोक डोळं मिटून घेत्यात. त्यात तू कालिजात शिकलेली.”

हे मला लागलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबा मेंढरांमागे फिरले, वडिलांनी जमीन कसली. कॉलेजमधल्या एका सरांनी तास संपल्यावर थांबून मला हे सॉफ्टवेअर शिकवलं, म्हणून आज मला लोक मॅडम म्हणतात. पण त्या मॅडमपणामुळेच माझं काम कुणी तपासलं नव्हतं. मीही नाही.

आप्पा आणि दिनेशनं पाइप सोडवून ड्रायव्हरच्या बाजूनं नेला. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघितली. एकही बुडबुडा आला नाही. दिवस मावळायच्या आत खुटबावचा मालक गाडी घेऊन गेला. उशीर का झाला, ते शेठनी त्याला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मेसेज केला: मंडळी वढूहून सुखरूप परत.

बोर्ड मी गाडी गेली त्याच संध्याकाळी उतरवायला लावला होता. नव्या चित्रासाठी कॅमेरा ड्रायव्हरच्या बाजूला लावला. तिकडून काढलं की गाडीचं तोंड आपोआप ऑफिसच्या दाराकडे येतं. फ्लिप करायची गरजच नव्हती. फक्त सगळे फोटो पुन्हा काढायचे होते आणि पहिल्यांदा मला तोच कंटाळा आला होता. सायलेन्सर या वेळी लाल रंगात ठेवला. शेठ गर्दीबद्दल काही बोलले नाहीत.

छापायच्या आधी मी ते चित्र आप्पांसमोर फरशीवर पसरलं. त्यांनी चष्मा लावला, उकिडवे बसले आणि टाकीपासून इंजिनपर्यंत पाइपवरून बोट फिरवलं.

“आता बराबर हाय.”

तेव्हापासून आरपार चित्र केलं की मी ते आधी फिटरला दाखवते, मालकाला नंतर. एखादा बघणारा हसला, तर नुसती तेवढी जागा दुरुस्त करत नाही. सगळे लेयर उघडते आणि पहिल्यापासून बघते. वेळ जास्त लागतो.