छत्रीच्या काडीनं उघडलेली कुलपं

कुलपं उघडायची हत्यारं घरी बनवतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच आपल्या खिशाला हात लावून पाहतो! पाच-सहा वर्षांत असं इतक्यांदा झालंय की आमच्याकडे किस्स्यांचा ढीग साचलाय. आम्ही म्हणजे तिघं. मी, अमरावतीच्या आयटीआयमध्ये जन्मभर फिटर ट्रेड शिकवून रिटायर झालेला. सुनंदाताई, शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आणि अकोल्याचे सलीमभाई. त्यांनी चाळीस वर्षं चाव्या बनवल्या, आता दुकान मुलाकडे. महिन्यातल्या एका रविवारी सलीमभाई एसटीनं येतात आणि माझ्या व्हरांड्यात आमची बैठक बसते. पण तिघांनी तेच ते किस्से एकमेकांना किती वेळा सांगायचे? म्हणून आज तुम्हाला सांगतो.

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. बायको गेली, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दूध आणायला निघालो, दार ओढलं. आमच्या दाराला तेव्हा लॅच होतं, ओढलं की लागायचं. दूध घेऊन परत आलो, बेल वाजवली. थांबलो. पुन्हा वाजवली.

मग लक्षात आलं!

चौतीस वर्षं मी किल्ली घेऊन घराबाहेर पडलोच नव्हतो. किल्ली कुठल्या खिळ्याला असते, हेही मला माहीत नव्हतं.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक मोडकी छत्री पडली होती. तिची काडी उपसली, फरशीवर घासली, टोक वाकवलं. पोरांना जन्मभर कानस धरायला शिकवलं, पण दारासमोर उकिडवा बसल्यावर सगळं शिकवणं विसरलो. दोन तास लागले. दूध नासलं. शेवटी आतून 'टक' आवाज आला आणि दार उघडलं.

इतका आनंद झाला की आत शिरता शिरता ओरडलो, "अगं, उघडलं बघ!"

*

छत्रीची काडी या कामाला फार छान. थोडी लवचिक, थोडी हट्टी. म्हणून मी कॉलनीत मोडक्या छत्र्या मागत फिरायला लागलो. लोकांनी माझं नावच 'छत्रीवाले सर' पाडलं!

एकदा समोरच्या वानखडे काकूंनी हाक मारली. काका जाऊन वर्ष झालं होतं.

"सर, हे यांची छत्री. चार काड्या मोडल्या हायेत. न्या तुमी. पन मूठ मले वापस आनून द्या."

"मूठ कायले, काकू?"

"हात होता ना त्याईचा तिच्यावर."

मी मूठ सोडवून, पुसून, त्याच दिवशी नेऊन दिली. बाकीची छत्री माझ्याकडे आहे. तिच्या काड्यांना कानस लावायचं अजून जमलं नाही.

*

एका दुपारी हवालदार दारात! कोणीतरी तक्रार केली होती, की या घरातून सारखा कुलपं खडखडल्याचा आवाज येतो.

मी त्यांना सरळ आत नेलं. भिंतीवरच्या फळीला बासष्ट कुलपं लटकलेली, समोर पोरांच्या कंपास बॉक्समध्ये माझी हत्यारं. हवालदार डोळे मोठे करून बघतच राहिले.

"हे सगळी कुलपं कोनाची?"

"माझीच. चांदूर बाजारच्या भंगारातून आणतो. किल्ल्या नसलेली."

"आन् उघडून काय करता?"

"पुन्हा लावतो."

त्यांनी खुर्ची ओढली. "दाखवा बरं एक उघडून."

मी एक जुनं पितळी कुलूप घेतलं. पाऊण तास गेला. हवालदारांचा चहा झाला, पेपर वाचून झाला, एक डुलकीही झाली. कुलूप उघडलं तेव्हा ते उठले आणि टोपी घालून म्हणाले, "काका, तुमी चोर नाही होऊ शकत."

"काहून?"

"चोराले घाई असते. तुमाले तर कुठीच जायाचं नाही!"

*

सलीमभाई सांगतात, कुलूप हातानं कमी आणि कानानं जास्त उघडतं. आत पिना बसल्या की बारीक आवाज होतो, तो ऐकायचा. पण मधल्या काळात त्यांचे कानच गेले. एकाच कुलपाशी तासभर बसायचे आणि मग ते मुकाट्यानं बाजूला ठेवून द्यायचे. आम्हाला बघवायचं नाही. शेवटी मुलानं कानाचं मशीन आणून दिलं.

पुढच्या रविवारी सलीमभाई आले, बसले, खिशातून डबी काढली, मशीन कानात घातलं आणि पाच मिनिटांत तीन कुलपं उघडली! आम्ही टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी मशीन काढून पुन्हा डबीत ठेवलं.

मी मोठ्यानं विचारलं, "अहो, काढलं काहून? लावूनच जा ना घरी!"

ते म्हणाले, "घरी कायले, सर? घरी माह्याशी कोन बोलते?"

*

आमच्यात सगळ्यात तरबेज सुनंदाताई. शाळेच्या लॅबमधलं जुनं स्टॉपवॉच लावून बसतात. चाळीस सेकंदांत माझं सगळ्यात अवघड कुलूप उघडतात आणि "पुढचं द्या!" म्हणतात.

त्यांच्या घरी वरच्या खोलीला एक साधं कुलूप आहे. लेक कॅनडाला जाताना लावून गेली, किल्ली तिच्याकडेच राहिली. त्याला सहा वर्षं झाली. सलीमभाई एकदा म्हणाले, "ताई, हे तर तुमी डोये मिटून उघडसान!"

"उघडीन की. पण तिनं लावलंय ना? तिनंच उघडावं."

मी चिडवलं, "मग एक दिवस गंजून बसेल ते!"

"कसं गंजेल? दर पंधरा दिवसांनी तेल घालते मी त्याला."

*

आता शेवटचा किस्सा, माझ्या अनिकेतचा. माझा मुलगा, बंगळुरूला असतो. दिवाळीला आला आणि माझ्या दाराला डिजिटल लॉक बसवून गेला. आकडे दाबायचे, की दार उघडतं. "बाबा, आता किल्लीची भानगडच नाही!" सलीमभाईंनी पुढून मागून बघितलं आणि कपाळाला हात लावला, "सर, इसको तो छेदही नहीं!"

अनिकेत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचरा टाकायला दार उघडलं. लगेच त्याचा फोन. "बाबा, कुठे निघालात?" दार उघडलं की त्याच्या मोबाइलवर कळतं म्हणे. एरवी हा फक्त रविवारी फोन करणारा! चांगलं पाच मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवशी मी पेपर घ्यायला दार उघडलं, पुन्हा फोन.

सोमवारी मी दार अकरा वेळा उघडलं. तीन फोन आले. मंगळवारी एकोणीस वेळा उघडलं. एकही आला नाही. संध्याकाळी मेसेज आला, "बाबा, लॉकमध्ये फॉल्ट दिसतोय. उद्या सकाळी माणूस येईल."

माणूस आला. नांदगाव पेठेकडचा, गरीब स्वभावाचा. त्यानं लॉक खोललं, बॅटऱ्या तपासल्या, दार किती वेळा उघडलं त्याची नोंद पाहिली, दार दहादा उघडून लावून पाहिलं.

"काका, लॉक तर एकदम ओके आहे. कम्प्लेंट काय लिहू?"

मी म्हणालो, "आधी चहा घ्या."

चहा पिता पिता त्यानं अनिकेतला फोन लावला, स्पीकरवर. "सर, फॉल्ट काहीच नाही. काल एकोणीस वेळा आतूनच उघडलेलं आहे. काकाच उघडून राहिले."

पलीकडून आवाज नाही. त्याला वाटलं फोन कटला. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

मग अनिकेत म्हणाला, "बाबांना द्या जरा."

मी फोन घेतला.

"बाबा... जेवलात?"

सकाळचे सव्वादहा वाजले होते.

मी म्हणालो, "हो, आत्ताच जेवलो. तू सांग."