कोपराची शीर राखणाऱ्या सिस्टर

शीर शोधताना आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर डोळे मिटून घेत. माझ्या लेकीला, श्रुतीला, सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दुखणे उठले की सलाईन लावावीच लागते. पहिल्यांदा त्या डोळे मिटून तिचा हात चाचपू लागल्या तेव्हा मी घाबरलेच.

"डोळे काहून मिटता?"

"दिसते ते शीर पळते, बाई. बोटाले लागते ते टिकते."

त्यांना घाई ठाऊक नव्हती. आधी पेलाभर पाणी, मग हात खाटेखाली लोंबता, वर ऊन पाण्यात पिळलेला कपडा. बाहेरची रांग कुरकुरायची. "थांबा ना जी! शीर का लाखांदूरची यष्टी हाय, धावून पकडाले?"

कोपराची ठसठशीत शीर कुणालाही दिसे. सिस्टर तिला हात लावत नसत. सुरुवात पंजाच्या पाठीवरून, मग हळूहळू वर. "इले जनमभर पुरवाच्या हायेत. वरचे आधी नासवले तं खालचेबी जाते."

मी वही ठेवली होती: तारीख, हात, जागा, किती वेळा टोचले. सिस्टर विचारत, मी वाचून दाखवी. एकदा त्या रजेवर होत्या. बदलीवरच्या नर्सच्या दोन टोचण्या फुकट गेल्या, पोर कळवळत होती. मीच म्हटले, "कोपरात लावा." हात सुजला, ती शीर दोरीसारखी कडक झाली. परतल्यावर सिस्टरांनी त्या जागेवरून बोट फिरवले. रागावल्या नाहीत.

"वही तुमच्यापाशी, हात इच्यापाशी. उद्या हे एकटी शिकाले गेली तं?"

त्या दिवसापासून त्या मला विचारीनाशा झाल्या. आठ वर्षांच्या श्रुतीला म्हणत, "सांग पोरी, कोठी हाय?" ती चुकायची. त्या हसायच्या आणि पुन्हा शोधायला लावायच्या. मी वही उघडली की डोळे वटारत.

चार वर्षांनी त्या निवृत्त होऊन माहेरी, बपेऱ्याला निघणार होत्या. नोकरीच्या त्यांच्या शेवटच्या आठवड्यात श्रुतीचे दुखणे उठले. तिने डाव्या हातावर, मनगटाच्या बरेच वर बोट ठेवले.

सिस्टरांनी चाचपले. "मले तं काई लागून नाई रायलं."

"आहे," श्रुती म्हणाली. तिने त्यांचे बोट धरून जरासे बाहेरच्या बाजूला सरकवले. सिस्टर थबकल्या. सुई टोचली. पहिल्याच खेपेला रक्त दिसले.

चिकटपट्टी लावून त्या म्हणाल्या, "आता मी नसली तरी जमते तुये."

श्रुतीने मोकळ्या हाताने त्यांच्या एप्रनचा खिसा पकडला होता. तो तिने बराच वेळ सोडला नाही.