सत्तरीतला सेनापती

पप्पा माझ्याकडे मुलुंडला राहायला आले ते अँजिओप्लास्टीनंतर. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चाळीस वर्षं लेथ चालवली होती. नुसतं बसून राहणं त्यांना जमत नव्हतं. मी मात्र त्यांना काहीच करू देत नव्हते. भाजी मी आणायचे, सिलिंडर मी सरकवायचे. चेंबूरला आत्याकडे एकट्याने जायचं त्यांनी नाव काढलं की मी म्हणायचे, "पुढच्या रविवारी मी नेते ना." तो रविवार काही यायचा नाही.

रविवारी सकाळी मी कम्प्युटरवर युद्धाचा एक गेम खेळते. जुन्या काळातलं राज्य, किल्ले, फौजा आणि त्यांचे सेनापती. हे सेनापती माणसांसारखेच म्हातारे होतात, साठीनंतर कुठल्याही डावात मरू शकतात. म्हणून दाढी पांढरी झाली की मी त्याला मागच्या एखाद्या शांत गावात पाठवून द्यायचे आणि फौज तरुणाच्या हाती सोपवायचे.

पप्पा शेजारी बसून बघायचे. एकदा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्येका हंय कित्याक बसवून ठेवलंस गो?"

"एकाहत्तरचा आहे तो, पप्पा. कधीही जाईल."

"माका त्र्याहत्तर झाली," ते म्हणाले.

थोड्या वेळाने शत्रूची गलबतं नेमकी त्याच गावाला लागली. माझ्या सगळ्या फौजा उत्तरेला अडकलेल्या, गावात तो म्हातारा आणि भालाइतांच्या चार तुकड्या. मी गाव सोडून द्यायला निघाले होते.

"थांब," पप्पा म्हणाले. "थंय पूल आसा मां? तेका पुलार उभो कर."

केला. शत्रू पुलावर इतक्या दाटीने घुसला की त्याला पुढे येता येईना की मागे जाता. दोनदा आमचे भालाईत डगमगले. दोनदा मी म्हाताऱ्याला त्यांच्याजवळ नेलं आणि ते पुन्हा पाय रोवून उभे राहिले. सेनापती जितका मुरलेला तितकी सैनिकांची हिंमत जास्त, असं त्या गेममध्ये आहेच. मी कधी वापरलंच नव्हतं. जिंकल्यावर पप्पा असे ओरडले की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, "मॅच आहे का आज?"

दुपारी जेवताना ते म्हणाले, "उद्या मी चेंबूराक जावन येतंय." विचारत नव्हते, सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांची डबी त्यांच्या खिशात घातली, फोन चार्ज आहे ना ते दोनदा पाहिलं.

ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. साडेबाराला फोन आला. "पोचलंय. आत्येन कोळंबी केल्यान हा. आता फोन करू नको, जेवतंय."

मी एकटीच हसत बसले.

हल्ली रविवारी माउस त्यांच्याच हातात असतो. परवा त्यांनी अडुसष्ट वर्षांच्या सेनापतीला घोड्यावरून थेट भाल्यांच्या रांगेत घातलं. अर्ध्या मिनिटात खलास.

"वाट लागली, पप्पा! असं कोण करतं?"

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "चुकलंय. दुसरो म्हातारो खंय आसा, तो दाखव."