हवेतलं बोट

"क्वार्टर कौन सा था तुम्हारा?" खुर्चीत रेललेल्या बाईंनी विचारलं. माझे दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर होते.

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जात कोणी विचारत नाही. क्वार्टर विचारतात. त्यातच सगळं येतं. मी खरं ते सांगितलं. इंद्रपुरीच्या अंगाची सफाईवाल्यांची लाइन.

बाई ताठ बसल्या. "सावित्री की लड़की? सर, किसी और को बुलाइए. सिर को ये हाथ नहीं लगाएगी."

सावित्री माझी आई. याच बाईंच्या बंगल्यामागची नाली साफ करायची.

उदासीच्या आजारावर मेंदूला बाहेरून चुंबकाचे ठोके देतात, त्यावर माझी पीएचडी. आधी डोकं चाचपून जागा शोधायची. ठोका बरोबर बसला की पेशंटचा अंगठा उडतो. ती जागा मला पटकन सापडते.

सर माझे गाइड, आमच्यासारखेच मराठी. बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, पेशंट आहे ती. वाद नको. तू कॉम्प्युटरपाशी बस."

बसले. माझ्या जोडीच्या विद्यार्थ्याला जागा सापडेना. मग सरांनी हाक मारली, "तू नुसती दाखव. हात न लावता."

गेले. बाईंच्या केसांच्या वर, हवेत बोट धरलं. त्या विद्यार्थ्याने तिथे यंत्र टेकवलं. अंगठा उडाला. सगळे खूश. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला.

मी शाळेत असताना आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बोलणं नाही, जेवण नाही. डॉक्टर दारातूनच म्हणाला, "नाटक है." कपाळाला हातसुद्धा लावला नाही. आई तशीच गेली. म्हणून मी हे शिकायला आले. आणि शिकले काय? हात न लावणं.

रोज ठोके घेऊन महिनाभरात बाई बऱ्या झाल्या. हसू लागल्या. पेढे आणले. सरांचा पेढा हातावर, माझा कागदावर, टेबलाच्या कडेला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज असतानाच वैद्य मेलेला.

पेढा तिथेच ठेवला आणि सरांना म्हटलं, "यापुढे हवेत बोट दाखवणार नाही. डोक्याला हात लावेन, नाहीतर जागा सांगणार नाही."

"पीएचडी अडकेल तुझी."

"अडकू दे."

अडकलीच. सर प्रबंधावर सही करत नाहीत. दाद मागायची कुणाकडे, कळत नाही. रडते, घरी.

उद्या नवा पेशंट आहे. मी खुर्चीमागे उभी राहणार. कुणाला उठून जायचं तर जाऊ दे. हात मी खाली घेणार नाही.