अण्णांचं पाणी

माझे वडील पोटाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेले आणि न्यूमोनियाने गेले. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता सांगताना आवाज हलत नाही. ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, पण पोटाचं होतं ना? हो, पोटाचंच होतं. आतड्याला पीळ पडला होता, तो सर्जननी सोडवला, टाकेही सुरेख घातले. पोटाबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

तेव्हा खराडीत काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. परदेशातल्या एका बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या. प्रत्येक चुकीला नंबर असे, कारण असे, जबाबदार माणूस असे आणि ती दुरुस्त करायची तारीख असे. जगातही असंच चालतं अशी माझी समजूत होऊन बसली होती. घरी विश्रांतवाडीला आम्ही तिघंच, मी, आई आणि अण्णा. अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कडक इस्त्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं. बोलणं थोडं, पण बोलले की समोरच्याला घरी जाईपर्यंत पुरायचं.

आमच्याकडे पाणी तोंड लावून प्यायचं, असा नियम होता. वरून धार सोडून प्यायचं नाही. शाळेत माझ्या मैत्रिणी सगळ्या वरून प्यायच्या, उष्टं होऊ नये म्हणून. मीही शिकले आणि एकदा घरी मोठ्या ऐटीत पेला उंच धरून पिऊन दाखवलं. अण्णांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला. ते रागावले नाहीत. बसले आणि एकदाच, त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधी नाही, लहानपणचं सांगितलं. त्यांची आई ज्यांच्या खळ्यावर राबायची, तिथे तहान लागली की अंगणात ओंजळ धरून उभं राहायचं. मालकीणबाई ओट्यावरून तांब्याची धार सोडायची. धार कधी ओंजळीत पडायची, कधी मनगटावर, आणि निम्मं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. "तहान भागायची," अण्णा म्हणाले, "पण बाह्या ओल्या व्हायच्या. गावातून घरी येताना सगळ्यांना दिसायचं, आज कुणाच्या दारात पाणी प्यायलो ते."

छप्पन साली धम्म घेतला त्या दिवसापासून ते ओंजळीने पाणी प्यायले नाहीत. आणि आमच्या दारात जो येईल, मग तो पोस्टमन असो की भांडायला आलेला शेजारी, त्याला न विचारता पाणी मिळे, आमच्याच स्टीलच्या पेल्यातून. अण्णांना स्वतःला जेवताना तीन पेले लागायचे. आई चिडवायची, की यांना जेवायला नाही, पाण्यालाच बोलवावं.

तर ऑपरेशन झालं आणि श्वास नीट चालेना म्हणून त्यांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ताप आला. एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस पांढरं दिसत होतं. मी डॉक्टरांना विचारलं, की घरी ज्यांना साधी शिंक नव्हती, रोज सकाळी जे टेकडी चढून यायचे, त्यांना न्यूमोनिया कुठून आला?

"इथेच झाला," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी काही लपवलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं आणि त्याच वेळी रागही येतो. श्वासनलिकेत नळी असली की जंतू त्याच वाटेने खाली उतरतात, असं ते समजावत होते. आम्ही डोकं उंच ठेवतो, तोंड साफ करतो, हात धुतो, तरीही काही जणांना होतो. मी विचारलं, मग चूक कुणाची? ते म्हणाले, एका माणसाकडे बोट दाखवता येणार नाही. माझ्या ऑफिसात असं उत्तर मी कुणाकडूनही घेतलं नसतं. इथे मान हलवली आणि बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसले.

मग मी पहारेकरी झाले. भेटायला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मिळत, एकालाच आत सोडत. आईचे गुडघे जिने चढू देत नव्हते, म्हणून बहुतेक वेळा मीच जायचे. त्या दहा मिनिटांत मी अण्णांकडे कमी आणि लोकांच्या हातांकडे जास्त बघायचे. कोण धुतं, कोण नाही. एका शिकाऊ डॉक्टरला मी सगळ्यांसमोर सुनावलं. तो बिचारा ओशाळून बेसिनकडे गेला. तेव्हा तिथली केरळी सिस्टर शांतपणे मला म्हणाली, "ताई, तुमचा मोबाईल." मी तो कानाला लावत आत आले होते, खिशात टाकला होता आणि तोच हात अण्णांच्या कॉटच्या दांड्यावर होता. मी त्या शिकाऊ डॉक्टरच्या मागे बेसिनशी जाऊन उभी राहिले.

तपासणीत जंतू चिवट निघाला. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता आणि हातांवरून दुसऱ्या पेशंटकडे जाऊ शकत होता. म्हणून अण्णांना कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत हलवलं. दारावर पाटी लागली. आत जाताना प्रत्येकाने झगा आणि हातमोजे घालायचे, बाहेर येताना काढून बादलीत टाकायचे. त्यांचा स्टेथोस्कोप वेगळा, थर्मामीटर वेगळा, पुसायचं फडकं वेगळं. सगळं शास्त्राला धरून होतं. त्यात कुणाचा तिरस्कार नव्हता, उलट ती सिस्टर त्यांचे केस रोज विंचरायची. मला हे सगळं कळत होतं, तरी आत जाताना मी त्या पाटीकडे बघायचं टाळायचे.

दहाव्या दिवशी नळी काढली. अण्णा शुद्धीवर आले. आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येईल इतकाच. मला वाटलं आधी आईला विचारतील. त्यांनी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. उलटी दिसत असली तरी ती पाटीच आहे हे त्यांना कळत होतं.

"मला वेगळं ठेवलंय," ते म्हणाले.

मी घाईघाईने जंतूचं सांगायला लागले. हा नियम माणसासाठी नाही, जंतूसाठी आहे अण्णा, इतरांना लागण होऊ नये म्हणून आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नियम नेहमी कशासाठी तरी असतोच," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

हातमोजा काढून त्यांचा हात धरावा असं फार वाटलं. सिस्टरकडे पाहिलं, तिने मानेने नाही म्हटलं. बरोबरच होतं तिचं. काचेपलीकडच्या कॉटवर कुणाचे तरी वडील होतेच की.

संध्याकाळी गेले तेव्हा ते पाणी मागत होते. पण पाणी बंद होतं. इतके दिवस नळी राहिल्याने गिळण्याची शक्ती गेली होती, घोट पोटाऐवजी छातीत उतरला असता आणि आधीच अर्धं निकामी झालेलं फुप्फुस त्याने बुडालं असतं. सलाइनमधून शरीराला पाणी मिळतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शरीराला मिळत होतं. घशाला कोण सांगणार? आवाज उमटेना तेव्हा त्यांनी दोन्ही हात उचलले. एका हाताला सलाइनची पट्टी, दुसऱ्याला कसलीशी क्लिप. ते हात त्यांनी एकमेकांजवळ आणले आणि ओंजळ धरली.

माझ्यासमोर त्यांनी ओंजळ धरलेली मी कधी पाहिली नव्हती. ज्या माणसाने पन्नास वर्षं बाहीवर थेंब पडू दिला नाही तो माणूस माझ्यापुढे ओंजळ धरून होता, आणि मी झगा घालून ओट्यावरच्या त्या बाईसारखी उभी होते. फरक इतकाच, की ती निदान पाणी द्यायची.

सिस्टरने गॉजचा ओला बोळा दिला. घट्ट पिळून ओठ पुसा, म्हणाली. मी पुसायला हात वर धरला तर अण्णांनी तोंड मिटून घेतलं. पुन्हा प्रयत्न केला, तर मान वळवली. वरून नको होतं त्यांना. मी ते ओळखलं, आणि ओळखूनही काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून त्यांचा पेला नेला. मला वाटलं, मी तोड काढली. बाहेर तो पेला स्वच्छ धुतला, पाणी पूर्ण निथळू दिलं, कड तेवढी थंड आणि ओलसर राहिली. सिस्टरला दाखवला, आत काही नाही म्हटलं. तिने उपडा करून बघितला, बाहेरून औषधाने पुसून परत दिला आणि मॉनिटरकडे तोंड करून उभी राहिली. मी अण्णांचं डोकं हाताने धरलं आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी डोळे उघडले. पेला ओळखला. ओठ कडेला टेकले, तशाच सवयीने, आणि गळ्याची घाटी एकदा हलली.

मग ते थांबले. "रिकामा आहे," म्हणाले.

तक्रार नव्हती त्यात. पेल्यात पाणी नाही हे माझ्या लक्षात आलं नसेल, असं त्यांना वाटलं असावं. मी भरून आणते, असं म्हणाले. तोंडातून निघून गेलं. तेवढ्यात वेळ संपली.

त्या दुपारी ताप पुन्हा चढला, दुसरं फुप्फुसही पांढरं झालं, परत नळी घातली. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. तीन दिवसांनी सकाळी गेले. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "एक सांगू? तुम्ही पाणी दिलं नाहीत हे बरोबर केलंत. पुष्कळ नातेवाईक चोरून देतात."

मी त्यांना थँक यू म्हणाले, ऑफिसच्या सवयीने. आमच्या घराण्यात पाणी नाकारल्याबद्दल शाबासकी मिळालेली मी पहिलीच.

त्या दिवशी घर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलं होतं. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पेले भरत होती. कुणी तिला बसवून ठेवू शकलं नव्हतं. मी आत गेले तर तिने न वळता विचारलं, "शेवटी पाणी मागितलं का गं त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले. "गुंगीतच होते."

जेवताना तीन पेले पाणी लागणाऱ्या माणसाची ती बायको होती. भरलेले पेले तिने एकेक करून तबकात मांडले. त्यात अण्णांचाही होता, हॉस्पिटलातून आणल्यावर उकळून घेतलेला. तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "विचारू नकोस कुणाला. नुसतं दे."

मी तबक घेऊन बाहेर गेले. पंचवीस-तीस माणसं होती. सगळ्यांना दिलं.