लोक धाकट्या बागेतच का यायचे

आमच्या शेठच्या दोन बागा होत्या. झाडांच्या नव्हेत, खेळण्याच्या. पाळणा, घोड्यांची चक्री, पाण्यात पडायची घसरगुंडी, असल्या. एक इचोड्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागून आणि दुसरी त्याच रस्त्यावर बरीच पुढे. पहिली जुनी आणि लहान. दुसरी नवी, आणि पहिलीसारख्या चार पोटात घालील एवढी मोठी. लोकांनी नावं ठेवली ती अंगकाठी पाहून. आधी जन्मली ती धाकटी झाली, मागून आली ती थोरली. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पण नावं ठेवताना माणसाला कोण विचारतो, तर बागेला विचारतील.

धाकटीतला पाळणा माझा होता. कागदावर शेठचा, हातात माझा. आधी आम्ही जत्रा करायचो. बोथपासून मुधोळपर्यंत ज्या गावात देव आहे आणि देवापुढे चार माणसं जमतात, त्या गावात आमचा पाळणा उभा राहायचा. तेव्हा मोटार नव्हती. दोघं जण आऱ्यांवरून वर चढायचे आणि अंगाच्या भारानं पाळणा खाली ओढायचे. मी बारा वर्षं असा चढलो. एकदाही पडलो नाही. पुढे डिझेलचं इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, आणि जोडायचं-सोडायचं शेठच्या जिवावर आलं तेव्हा त्यानं आपल्या पडीक तुकड्यावर सगळं कायमचं रोवलं. तीच धाकटी बाग. तारेचं कुंपण, विहीर, चार चिंचा, आणि त्यातल्या एका चिंचेखाली शेंदूर लावलेला मारोती. तो आमच्या आधीपासून तिथं होता.

त्या मारोतीला रोडग्याचा नवस चालायचा. आमच्या सरहद्दीच्या गावांत हे असतंच. पोरगं झालं, आजारी बैल उठला, पोरीचं जमलं, की रोडगे. जाड्या गव्हाचं पीठ घरून मळून आणायचं, गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, त्याला आम्ही जगरा म्हणतो, तो फुलून लाल झाला की त्यात पिठाचे गोळे दाबायचे. संगं वरण आणि वांग्याची भाजी. कापूस वेचून झाला की दर रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून यायच्या. चिंचेखाली सात-सात जगरे पेटायचे. धूर सरळ माझ्या पाळण्यावर यायचा. डोळे चुरचुरायचे, दांड्यावर काजळी बसायची. मी मनातल्या मनात शिव्या द्यायचो. पण ट्रॉलीतून उतरलेली पोरं आधी माझ्याकडे पळत यायची, बाया लुगडं खोचून मागून यायच्या, आणि मला वाटायचं, ही सगळी माझ्या पाळण्याला आली आहेत, जेवण त्यांनी जाताजाता उरकलं.

तसं वाटायला कारण होतं. माझ्यासारखा पाळणा या भागात कोणी चालवला नाही, हे मी आजही म्हणतो. घड्याळावर मी कधी चालवला नाही. माणूस घाबरला की त्याचं ओरडणं बदलतं. हौसेचं ओरडणं वेगळं, जीव गेल्याचं वेगळं. ते कानानं ओळखून मी ब्रेकवर पाय द्यायचो. म्हाताऱ्या बाया बसल्या की पाळणा वर नेऊन उभा करायचो, म्हणजे त्यांना आपलं शिवार दिसावं. एक बाई वरून सांगायची, आमची म्हैस कोणी सोडली रे. खाली सगळे हसायचे.

मग थोरली झाली. तिचं दार काचेचं. आत समुद्रासारख्या लाटा येणारा तलाव, आणि पाळणा माझ्या दुप्पट उंच, बटणावर चालणारा, ठरल्या मिनिटाला आपोआप थांबणारा. दारात पिशव्या तपासायचे. घरचा डबा आत चालत नाही. लुगड्यानं पाण्यात उतरायचं नाही, नायलॉनचे कपडे घालायचे. साठीची एक बाई ते कपडे घातलेली मी तिथं पाहिली. तिनं अंगाभोवती टॉवेल गुंडाळून घेतला आणि दिवसभर एका खुर्चीवर बसून राहिली. लोक एकदा जायचे, फोटो काढायचे, आणि पुढच्या रविवारी ट्रॉली आमच्या दारात. शहरातले नोकरीवाले, ज्यांचे आजे कधीकाळी इकडे येऊन स्थायिक झाले, तेसुद्धा कार घेऊन धाकटीतच यायचे. शेठच्या मुलाला हे कळेना. तो हैद्राबादला शिकलेला. त्यानं लोकांना भरायला कागद वाटले, एका बाजूला तेलुगु, एका बाजूला इंग्रजी, मराठी अक्षर नाही. लोकांनी त्यावर रोडगे ठेवून खाल्ले.

शेवटी शेठ स्वतः आला. पाळण्याजवळच्या फळीवर बसला. असा तो जत्रेच्या दिवसांत बसायचा, नंतर कधी बसला नव्हता. आधी माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाला, "मामा, खरं सांगा. एवढं सगळं तिकडं उभं केलं, आणि लोक इथंच का येतात?"

असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. शाळेत गुरुजींनी विचारलं असेल काही, पण मी दुसरीतच शाळा सोडली, गुरुजींचे प्रश्न त्यांच्याजवळच राहिले. आयुष्यभर लोकांनी मला 'थांबव' आणि 'चालव' एवढंच सांगितलं. आणि आता शेठ, ज्याच्या दोन बागा, तो माझ्यासमोर बसून माझं मत घेत होता. मी सावकाश तंबाखू मळली. मग म्हणालो, "शेठ, लोखंड सगळीकडं सारखंच. लोक हात पाहून येतात."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मला फार बरं वाटलं.

उठता उठता तो म्हणाला की पोरगा मागं लागला आहे, या धुरानं झाडं जळतात, जमीन काळी होते, चुली बंद करून हिरवळ लावू म्हणतो. लोक नाराज होतील का?

इथं मी काही न बोलता राहिलो असतो तरी चाललं असतं. पण आत्ताच बोललेला शब्द तोंडात गरम होता. हाताला लोक येतात म्हटल्यावर चुलीला येतात असं कसं म्हणू? आणि त्या धुरानं माझे डोळे वर्षानुवर्षं खाल्ले होते. मी म्हणालो, "खुशाल बंद करा. जेवायला काय, लोक घरी पण जेवतात."

पुढच्या आठवड्यात चिंचेखालची जमीन उकरली. मारोतीभोवती एक नक्षीदार कठडा बांधला. दारावर पाटी लागली आणि पाटीशेजारी काठी घेऊन वॉचमन उभा राहिला. पहिले दोन-तीन रविवार लोकांना माहीत नव्हतं. ट्रॉल्या यायच्या, दारात गलका व्हायचा, काही आत यायचे, काही परत फिरायचे. मला वाटलं, सवय लागेल. माणसाला कशाचीही सवय लागते.

चौथ्या रविवारी माझी अक्का आली. माझी थोरली बहीण, मुधोळकडे दिलेली. नातवाला पोरगं झालं होतं आणि तिनं माझ्या चिंचेखालच्या मारोतीला रोडगे बोलले होते. ट्रॉलीत तिची दोन्ही पोरं, सुना, व्याही, शेजारी, पिठाचं घमेलं, वांगी, गोवऱ्यांचं पोतं. वॉचमननं अडवल्यावर ती ट्रॉलीतूनच ओरडली, "माह्या भावाचा पाळणा हाय आत, त्याले बोलव." ते मला पाळण्याजवळ ऐकू आलं. मी मोटार बंद करून दारात गेलो.

सगळे माझ्याकडे आशेनं पाहत होते. व्याह्यानं रामराम केला. आपल्या भावाचं तिथं किती चालतं, हे अक्का वाटेभर त्याला सांगत आली असणार. वॉचमननंही माझ्याकडे पाहिलं. मी बोललो असतो तर त्यानं काठी बाजूला केली असती, तो माझ्याच गावचा होता. पण मग पुढच्या ट्रॉलीला काय सांगायचं? आणि शेठच्या कानावर गेलं असतं की चुली बंद करा म्हणणाऱ्यानंच आपल्या बहिणीची चूल पेटवली. मी सांगितलं की नियम सगळ्यांना एकच आहे, गोवऱ्या बाहेर ठेवा, देवाला नारळ फोडा, आणि तुम्हाला सगळ्यांना मी पाळण्यात बसवतो, हवे तेवढे फेरे.

अक्का घमेल्यावरचं फडकं सारखं करत होती. पीठ वरून सुकू लागलं होतं.

"पाळण्यात बसून रोडगे भाजू का रे?" ती म्हणाली.

ट्रॉलीतल्या बाया हसल्या. व्याही पण हसला. मला ते लागलं. मी म्हणालो, इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्या पाळण्यालाच येत होतात, आज रोडगे मोठे झाले काय.

ती हसली नाही. लहानपणी मी पडून गुडघा फोडून घेतला की ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात म्हणाली, "कोण सांगलं तुले? आमी रोडग्यालेच येत होतो, बाबू. जगरा फुलेपर्यंत लेकरं भुकेनं रडून राह्यली की त्याईले तुह्या पाळण्यात बसवत होतो. अन् तू बी आपला, म्हणून म्हाताऱ्या बसत होत्या. मले तर त्यात मळमळते."

तिनं पोराला ट्रॅक्टर वळवायला सांगितला. पुढे ओढ्याकाठी एक मोकळी जागा आहे, तिथं जाऊन त्यांनी जगरा पेटवला. देवाच्या नावानं एक दगड उभा केला, शेंदूर लावला. मला ते नंतर कळलं. त्या दिवशी वरच्या अंगाला धूर दिसत होता, आणि मी रिकामा पाळणा दोन फेरे चालवला. मोटारीला गंज चढू नये म्हणून चालवला, असं मी वॉचमनला सांगितलं.

त्यानंतर माणसं तुटत गेली. पुढच्या रविवारी ओढ्यावर दोन ट्रॉल्या, मग पाच. होळीपर्यंत आमच्या बागेत फक्त हिरवळ उरली आणि तिच्यावर बसू नका असं लिहिलेली पाटी. नोकरीवाले कार घेऊन ओढ्यावर जायला लागले. त्यांच्यात मारोतीला नवस बोलणारे थोडे, पण आज्जीच्या हातच्या रोडग्याची आठवण सगळ्यांना. थोरली बाग जशी होती तशीच, अर्धी भरलेली. मी समजत होतो तशी माणसं माझ्या हातासाठी येत असती, तर तेव्हाही आली असती. मी उभा होतो तिथंच उभा होतो. माझा हात तोच होता. ती आली नाहीत.

शेठ पुन्हा आला. या वेळी फळीवर बसला नाही, उभा राहिला. म्हणाला की कोणी गोदामासाठी जागा मागतो आहे, पोरगा देऊन टाका म्हणतो. "पण ही बाग मी तुमच्यासोबत उभी केली, मामा. तुमच्या शब्दावर मी चाललो. आता एकदाच सांगा, काय चुकलं? करण्यासारखं असेल तर मी आजच करतो, गोदामवाल्याला नाही म्हणतो."

इतकं सरळ कोणी विचारत नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तीन शब्दांचं होतं. चुली पेटू द्या. हिरवळ उकरून टाकायला एक दिवस लागला असता, वॉचमनची काठी बाजूला करायला तेवढाही नाही. पुढच्या रविवारी ट्रॉल्या आल्या असत्या.

पण ते सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की मी तुम्हाला मागे सांगितलं ते खोटं होतं. हाताला कोणी येत नव्हतं. बारा वर्षं आऱ्यांवर चढून कमावलेला हात या बागेत पीठ भाजून होईपर्यंत पोरं रमवायलाच होता. बहिणीनं ट्रॉलीभर माणसांसमोर ते मला ऐकवलं होतं. आता मी आपल्या तोंडानं शेठला ऐकवायचं, आणि त्यानं पुन्हा माझ्या हातांकडे पाहायचं.

मी म्हणालो, "चुकलं काही नाही, शेठ. लोकच बदलले."

शेठनं मान हलवली. लोक बदलले हे त्याला पटलं. ते सगळ्यांना पटतं.

पावसाळ्याआधी पाळणा गॅसनं कापला. मी पाहायला गेलो नाही. मला थोरलीत दारावर बसायला सांगितलं, पिशव्या तपासायला. मी नाही म्हणालो. काही जण म्हणतात, म्हाताऱ्यानं ताठ्यात काम सोडलं. म्हणू द्या. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालून भाकर काढण्यापेक्षा ताठा बरा. आता तिथं मोठं पत्र्याचं गोदाम आहे, मक्याच्या पोत्यांचं. मारोती त्यांनी भिंतीच्या बाहेर काढून ठेवला. कठड्यासकट.

यंदा अक्काच्या दुसऱ्या नातवाच्या पोराचे रोडगे होते, ओढ्यावर. तिनं दोनदा निरोप धाडला. मी गेलो, कारण गेलो नसतो तर का आलो नाही हे सांगावं लागलं असतं. जगरा चांगला फुलला होता. पोरं कंटाळून रडत होती, चिखलात दगड फेकत होती, आणि त्यांच्या आया त्यांना ओरडत होत्या. अक्का गोवऱ्या सारता सारता शेठच्या नावानं बोलत होती. पैशानं मातला, चुली विझवल्या, देव उचलला, माझ्या भावाचं काम घेतलं. चार जण तिला दुजोरा देत होते. व्याही म्हणाला, अशा माणसाचं कधी भलं होत नाही. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, मामा, तुम्ही तरी त्याला एका शब्दानं सांगायचं होतं, तो तुमचं ऐकत होता म्हणे.

अक्कानं त्याला तिथंच झापलं. "त्याईनं का सांगितलं नसन? थो ऐकन तर ना."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी राख झटकून रोडगा फोडला, त्यात वरण ओतून घेतलं, आणि म्हणालो, "सांगून पाहिलं. मोठी माणसं कुठं ऐकतात."